जुन्या इमारतीस नवी जोड : आगीची सूचना मात्र एकच हवी

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राणार्पण केले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळण्यात येतो. आगीशी झुंजणाऱ्यांचे स्मरण करीत असतानाच, आग लागल्याची वार्ता वेळेवर कशी मिळेल याचाही विचार या सप्ताहात व्हावा, असे मला वाटते. म्हणून आज एका मर्यादित, परंतु आपणा सर्वांच्या रोजच्या कामाशी निगडित असलेल्या विषयावर बोलणार आहे. अस्तित्वात असलेल्या इमारतीस वाढीव बांधकाम जोडताना तेथील आगसूचक यंत्रणेचे काय करावयाचे, हा तो विषय होय.

आपल्या राज्यातील सार्वजनिक इमारती एकदम उभ्या राहत नाहीत. त्या वाढत जातात. चार खोल्यांच्या शाळेस पुढे दोन खोल्या जोडल्या जातात, काही वर्षांनी वरचा मजला चढतो. ग्रामीण रुग्णालयास प्रसूतिकक्ष, आश्रमशाळेस नवे वसतिगृह आणि पंचायत समितीच्या कार्यालयास सभागृह जोडले जाते. प्रत्येक वाढीचे लेखाशीर्ष वेगळे, वर्ष वेगळे आणि कंत्राटदारही वेगळा. त्यामुळे कागदोपत्री त्या दोन इमारती असतात. आग मात्र लेखाशीर्ष पाहत नाही. जिना, व्हरांडा, छतावरील पोकळी आणि तारांच्या नळ्या यांतून धूर एका भागातून दुसऱ्या भागात सहज जातो. धुराच्या दृष्टीने जी इमारत एक आहे, ती सूचनेच्या दृष्टीनेही एकच असली पाहिजे. माझ्या आजच्या बोलण्याचे सार इतकेच आहे.

तुकड्यातुकड्यांनी वाढलेली एक शाळा

या बाबतीत अमेरिकेतील शिकागो शहरातील एका शाळेचे उदाहरण जगभर अभ्यासले जाते. 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' हे त्या शाळेचे नाव. तिची उत्तरेकडील इमारत १९१० सालची व दक्षिणेकडील १९३९ सालची होती. १९५१ साली मध्ये जोडइमारत बांधून दोन्ही भाग एक करण्यात आले. १ डिसेंबर १९५८ रोजी शाळा सुटण्याच्या सुमारास उत्तरेकडील भागातील एका जिन्याच्या तळाशी आग लागली. धूर जिन्यावाटे वर चढला आणि वरच्या मजल्यावरील वर्गांची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. ९२ मुले व ३ शिक्षिका-जोगिणी यांचा त्यात अंत झाला.

सूचनेची व्यवस्था तेथे नव्हती असे नाही. परंतु घंटा वाजविण्याच्या कळा संपूर्ण शाळेत दोनच होत्या आणि त्या दोन्ही दक्षिणेकडील भागात होत्या. आग लागली ती उत्तरेकडे. शाळेतील घंटेचा अग्निशमन दलाशी काहीही संबंध जोडलेला नव्हता. शिवाय मुख्याध्यापिकेवाचून कोणी घंटा वाजवू नये, असा शाळेचा दंडक होता आणि ऐन वेळी त्या आपल्या कार्यालयात नव्हत्या. विशेष म्हणजे, आगीपूर्वी काही आठवडेच या शाळेची तपासणी होऊन ती नियमात बसत असल्याचे ठरले होते. कारण नव्या इमारतींना लागू असलेली बंधने जुन्या इमारतींना लागू नव्हती. इमारत जोडली गेली होती, सूचना जोडली गेली नव्हती.

आपल्या राज्यातील अनुभवही ताजे आहेत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच जणांचा बळी गेला. ९ जानेवारी २०२१ रोजी भल्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. कक्षातून धूर येत असल्याचे कर्तव्यावरील परिचारिकेच्या लक्षात आले, तेव्हा आगीची वार्ता कळली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांसाठी नव्याने उभारलेल्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनांची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्यांना स्वतः उठून पळता येत नाही, अशा माणसांसाठी आपण जेव्हा नवा कक्ष उभारतो, तेव्हा सूचनेचा एकेक क्षण किती मोलाचा असतो, हे या घटनांनी आपणास शिकविले आहे.

यंत्रणा चालते कशी

आता यंत्रणेची रचना थोडक्यात पाहू. ती समजली की वाढीव कामात चूक कोठे होते, हे आपोआप ध्यानात येईल.

छतावर बसविलेला, धूर किंवा उष्णता ओळखणारा शोधक, ज्याला सर्वत्र डिटेक्टर म्हणतात, भिंतीवरील लाल रंगाची, काच फोडून वा दाबून वापरावयाची कळ, भोंगे, आणि या सर्वांना बांधून ठेवणारा नियंत्रण फलक, म्हणजे पॅनेल, हे यंत्रणेचे चार घटक होत. वीज गेल्यास फलक बॅटरीवर चालतो.

फलक दोन प्रकारचे असतात. साध्या फलकात इमारतीचे विभाग पाडलेले असतात आणि आग कोणत्या विभागात आहे एवढेच तो सांगतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक शोधकास स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे आग नेमकी कोणत्या खोलीत आहे, हे फलकावर वाचता येते. लहान इमारतीस पहिला प्रकार पुरेसा होतो. मोठ्या रुग्णालयास दुसराच योग्य.

साध्या फलकातून निघालेली दोन तारांची जोडी एका शोधकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटच्या शोधकापर्यंत पोहोचते. तेथे एक छोटा विद्युत्‌रोध, रेझिस्टर, बसविलेला असतो. त्यातून सतत अगदी थोडा प्रवाह वाहत असतो. तार कोठे तुटली तर हा प्रवाह थांबतो आणि फलकावर बिघाडाचा पिवळा दिवा लागतो. थोडक्यात, शेवटच्या टोकाचा हा रोध म्हणजे संपूर्ण मार्गावर पहारा देणारा रखवालदारच होय.

वाढीव कामातील नेहमीच्या चुका

पहिली आणि सर्वांत घातक चूक या रखवालदाराशी संबंधित आहे. नव्या खोल्या झाल्या की वायरमन जुन्या मार्गाच्या मध्यावरूनच एक फाटा काढतो व त्यावर नवे शोधक बसवितो. चाचणी घेतली तर भोंगा वाजतो. सर्वांचे समाधान होते. परंतु या फाट्यावर पहारा नसतो. पुढे उंदराने तार कुरतडली किंवा खिळा ठोकताना ती तुटली, तरी मूळ मार्गातील प्रवाह चालूच राहतो आणि फलकावर हिरवा दिवा तसाच तेवत राहतो. नव्या खोल्यांतील शोधक मृत झालेले असतात आणि त्याची कोणालाही दाद नसते. योग्य पद्धत अशी की, जुन्या टोकावरील रोध काढून मार्ग पुढे न्यावा व रोध नव्या टोकाला बसवावा; किंवा, ते अधिक श्रेयस्कर, नव्या भागास फलकावर स्वतंत्र विभाग द्यावा. एक विभाग शक्यतो एकाच मजल्यापुरता असावा. दोन मजले मिळून एक विभाग केला, तर आग शोधणाऱ्यास आधी कोठे धावावे हेच कळत नाही.

दुसरी चूक दोन स्वतंत्र फलकांची. नवा कंत्राटदार आपल्या इमारतीत आपला नवा फलक बसवून मोकळा होतो. जुन्या भागात आग लागली तर नव्या भागात शांतता, आणि नव्या भागात आग लागली तर जुन्यात शांतता. रात्रीचा पहारेकरी बसतो एका ठिकाणी आणि दुसरा फलक असतो कुलूपबंद खोलीत. दोन फलक ठेवणे अपरिहार्य असेल, तर ते परस्परांस जोडावेत आणि आगीची सूचनाच नव्हे, तर बिघाडाची सूचनाही पलीकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी. ही जोडणी विचारपूर्वक करावी लागते. पहिला फलक दुसऱ्यास आणि दुसरा पहिल्यास सूचना देत राहिला, तर आग विझल्यावरही दोन्ही भोंगे बंद होत नाहीत. मग कंटाळून कोणी तरी ती तार कायमची काढून टाकतो. अशा वेळी दोष तार काढणाऱ्याचा जितका, तितकाच आराखडा करणाऱ्याचाही असतो.

तिसरी चूक सुसंगतीची. क्रमांकाच्या पद्धतीत प्रत्येक उत्पादकाचा फलक व शोधक यांची आपापली सांकेतिक भाषा असते. एकाचे शोधक दुसऱ्याच्या फलकास बहुधा समजत नाहीत. निविदेत केवळ 'धूरशोधक, अमुक नग' असे लिहिल्यास सर्वांत स्वस्त नग येतात आणि ते जुन्या फलकाशी बोलत नाहीत. म्हणून जुन्या फलकाचा प्रकार, त्यातील शिल्लक क्षमता आणि त्याचे सुटे भाग आज मिळतात किंवा नाही, याची पाहणी अंदाजपत्रकापूर्वी झाली पाहिजे. भाग मिळत नसतील, तर जुना फलक बदलून दोन्ही भागांसाठी एकच नवा बसविणे अंती स्वस्त पडते.

चौथी चूक बॅटरीची. नवे भोंगे जोडले की भार वाढतो. बॅटरी मात्र जुनीच राहते. वीज असताना सर्व काही ठीक चालते. परंतु आगीत वीजपुरवठा प्रथम खंडित होतो, आणि नेमक्या त्याच वेळी भोंगे काही क्षण वाजून थांबतात. तार लांबल्यामुळे दाब घटतो व शेवटचा भोंगा क्षीण होतो. म्हणून बॅटरीचा हिशेब वाढीव भारासह नव्याने करून घ्यावा व तो धारिकेत ठेवावा.

पाचवी चूक जुन्या भागाकडे दुर्लक्ष करण्याची. वाढीव कामात जुन्या खोल्यांचेही रूप पालटते. एका दालनात पार्टिशन घालून तीन खोल्या होतात, आणि शोधक राहतो त्यांपैकी एकीतच. खाली शोभेचे छत येते आणि शोधक वरच्या पोकळीत अडकतो. वातानुकूलन यंत्राचा झोत शोधकावर येतो आणि धूर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जुनी खोली स्वयंपाकघर होते आणि तेथील धूरशोधक रोज फोडणीच्या वेळी ओरडू लागतो. तेथे उष्णताशोधक हवा. खोटी सूचना वारंवार येऊ लागली की माणसे खऱ्या सूचनेकडेही काणाडोळा करतात. लांडगा आला रे आला, या गोष्टीचे तात्पर्य येथे तंतोतंत लागू पडते.

बांधकाम चालू असतानाचा काळ

सर्वाधिक धोका असतो तो काम चालू असताना. जुन्या भागात शाळा भरलेली असते, रुग्ण झोपलेले असतात आणि शेजारी वेल्डिंग चालू असते. सिमेंटची धूळ शोधकांत जाते, ते विनाकारण वाजू लागतात, म्हणून कोणी त्यांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवितो, तर कोणी फलकच बंद करतो. काम संपते, पिशव्या तशाच राहतात.

यावर उपाय अवघड नाहीत. कोणता विभाग, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद ठेवावयाचा, याची लेखी परवानगी संस्थाप्रमुखाने द्यावी व त्याची नोंद फलकाशेजारील वहीत करावी. संपूर्ण यंत्रणा बंद न करता काम चालू असलेला विभागच तेवढा बंद ठेवावा. तेवढ्या वेळेत त्या भागात फेरी घालणारा माणूस नेमावा आणि त्याच्याजवळ शिट्टी वा हातघंटा असावी. वेल्डिंग संपल्यानंतरही काही काळ तेथे लक्ष ठेवावे, कारण ठिणगी लगेच पेटतेच असे नाही. संध्याकाळी मजूर गेल्यावर आच्छादने काढून विभाग पुन्हा चालू झाल्याची सही घ्यावी. बाहेर पडण्याच्या वाटेवर वाळू, विटा व सळया यांचा ढीग पडणार नाही, हेही पाहावे. भोंगा वाजला आणि वाट बंद असली, तर त्या सूचनेचा उपयोग काय?

अंदाजपत्रकातील एक ओळ

हे सारे घडते किंवा बिघडते ते अंदाजपत्रकात. स्थापत्य कामाचे अंदाजपत्रक तयार होते, विद्युत कामासाठी ढोबळ तरतूद होते आणि आगसूचक यंत्रणा 'नंतर पाहू' या सदरात जाते. माझी आग्रहाची सूचना अशी की, वाढीव कामाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात 'जुन्या व नव्या भागांच्या आगसूचक यंत्रणेचे एकत्रीकरण व संयुक्त चाचणी' अशी स्वतंत्र बाब असावी. ही बाब नसेल, तर जुन्या भागातील फलकास हात लावण्याचा अधिकारही नव्या कंत्राटदारास राहत नाही आणि तो म्हणतो ते खरेच असते : 'हे माझ्या कामात नाही.'

नियमांचा आधारही आपल्या बाजूस आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील चौथा भाग अग्नी व जीवित सुरक्षेस वाहिलेला आहे. आगसूचक यंत्रणेची निवड, उभारणी व देखभाल यांसाठी भारतीय मानक २१८९ उपलब्ध आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये, त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीचा मालक वा भोगवटादार यांनी आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याबद्दल परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै या महिन्यांत सादर करावयाचे असते. प्रमाणपत्र देताना जुना भागच तेवढा तपासला की दोन्ही भाग, हा प्रश्न विचारण्याची दक्षता आपण घेतली पाहिजे.

खर्चाचा मुद्दा नेहमी निघतो. बांधकाम चालू असताना भिंतीतून नळी टाकणे आणि गिलावा, रंग झाल्यावर तीच भिंत फोडणे, यांतील खर्चाचा फरक येथे बसलेल्या अभियंत्यांस सांगावयास नको. एकत्रीकरण आरंभीच योजले तर ते स्वस्त पडते. नंतर केले तर महाग पडते.

ताबा घेण्यापूर्वीची परीक्षा

इमारत ताब्यात घेताना आपण खिडक्या मोजतो, नळ सोडून पाहतो. त्याच वेळी पुढील परीक्षा घ्यावी. तिच्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. मुख्याध्यापक किंवा सरपंचही ती घेऊ शकतात.

नव्या भागातील सर्वांत दूरच्या खोलीत चाचणीचा धूर सोडावा आणि जुन्या भागातील सर्वांत दूरच्या खोलीत, दार लावून, भोंगा ऐकू येतो का ते पाहावे. मग हेच उलट करावे. वसतिगृहात व रुग्णालयात झोपलेल्यास जाग येईल इतका आवाज उशाशी पोहोचला पाहिजे. त्यासाठी ७५ डेसिबल ही पातळी मानली जाते. ज्यांस ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी लुकलुकणारा दिवा असावा. त्यानंतर मुख्य वीज बंद करून तीच चाचणी बॅटरीवर घ्यावी. नव्या भागातील एक शोधक काढून ठेवावा आणि फलकावर बिघाडाचा दिवा लागतो का ते पाहावे. मघाशी सांगितलेला बिनपहाऱ्याचा फाटा येथेच उघडकीस येतो. शेवटी फलकावरील नावे वाचावीत. फलक 'विभाग ४' दाखवीत असेल आणि विभाग ४ कोठे आहे हे रात्रीच्या पहारेकऱ्यास ठाऊक नसेल, तर फलकाशेजारी दोन्ही भागांचा एकत्रित नकाशा मराठीत लावल्याखेरीज ताबा घेऊ नये.

यंत्राबरोबर माणसांचीही परीक्षा हवी. जुन्या भागातील मुले एका मैदानात आणि नव्या भागातील दुसऱ्या मैदानात जमत असतील, तर हजेरीचा मेळ बसणार नाही. दोन्ही भागांचा सराव एकत्र घ्यावा. आणि शिकागोचा धडा लक्षात ठेवून प्रत्येक शिक्षकास, शिपायास, परिचारिकेस, इतकेच नव्हे तर वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्यास स्पष्ट सांगावे की, आग दिसताच कळ दाबण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी कोणी करावयाचा, हेही आधीच ठरलेले असावे. भोंगा वाजला म्हणजे अग्निशमन दलास कळले, असे समजू नये.

लहान गावांनी काय करावे

चार-सहा खोल्यांच्या शाळेस किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयास एवढी यंत्रणा कशासाठी, असा प्रश्न पंचायत सदस्यांच्या मनात येईल. प्रत्येक लहान इमारतीस फलक व शोधक हवेतच, असे माझे म्हणणे नाही. तत्त्व मात्र तेच आहे. शाळेची घंटा जुन्या व्हरांड्यात टांगलेली आहे आणि नवे वर्ग मागच्या बाजूस आहेत. वारा उलटा असला की घंटा तेथे ऐकू येते का? नसेल, तर नव्या भागात दुसरी घंटा टांगावी व आगीसाठी दोन्हींचा ठोका वेगळा ठरवावा. शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर वर्गांना लागून असेल, तर तेथून हाक कशी पोहोचेल ते ठरवावे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरापासून पसरलेल्या आगीत ९४ मुले प्राणास मुकली, हे आपण विसरू नये. पुढे शाळा वाढून मजला चढेल, मुले रात्री मुक्कामास राहू लागतील, तेव्हा विद्युत यंत्रणेचा विचार करावाच लागेल. त्यासाठी आजच्या बांधकामात एक रिकामी नळी टाकून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

मित्रहो, नव्या इमारतीच्या उद्घाटनास आपण सारे उपस्थित राहतो. कोनशिलेवर नावे कोरली जातात. माझी विनंती एवढीच आहे की, फीत कापण्यापूर्वी एकदा नव्या इमारतीतील कळ दाबून जुन्या इमारतीतील माणसांना विचारावे, 'ऐकू आले का?' आणि 'हो' असे उत्तर मिळाल्यावरच मुलांना, रुग्णांना व कर्मचाऱ्यांना त्या वास्तूत प्रवेश द्यावा.